हातावर तुरी, पदरात बिब्बा

माझी नात यंदा दहावी पास झाली. आता ती अकरावीत जाते आणि घरातल्या माणसांशी कामापुरतेच बोलते. पण जानेवारीत शाळेचा निरोपसमारंभ आठ दिवसांवर आला, तेव्हा तिला आजीची एकाएकी फार गरज पडली होती. मी देवापुढे दिवा लावून उठते न उठते तोच ती कागद-पेन घेऊन पुढ्यात हजर.

"आजी, तुला फिशपाँड लिहिता येतात का ग?"

"फिशपाँड नाही येत. शेलापागोटी येतात."

"ती काय असतात?"

"फिशपाँडच. फक्त त्यांना यमक असतं, आणि कधीकधी लिहिणाऱ्याला नंतर झोप लागत नाही."

यातले यमक तेवढे तिने मनावर घेतले. आम्ही दोघी माजघरात पंख्याखाली बसलो. तिच्या कागदावर वर्गातल्या अडतीस जणांची नावे होती आणि प्रत्येक नावापुढे एकेक भेटवस्तू. सदा दुसऱ्याचे पेन मागणाऱ्याला नुसते टोपण, मोबाइलवरून मान वर न काढणाऱ्याला तुटका चार्जर, वर्गात पेंगणाऱ्याला आगपेटीएवढी उशी. दर भेटीबरोबर दोन ओळी हव्या होत्या आणि त्या जुळवायला आजी हवी होती. मला मजा वाटू लागली. दहा-बारा नावे हातोहात झाली. मग एका नावापाशी आलो. त्याच्यापुढे वस्तू नव्हती, नुसती रेघ होती.

"हिचं काय?"

"तिला नको, आजी. तिच्या घरी जरा... म्हणजे तिला वाईट वाटेल. तिला आम्ही नुसतं 'ऑल द बेस्ट' देणार आहोत."

मी चष्मा काढून ठेवला. ती रेघ माझ्या ओळखीची होती. बासष्ट वर्षांपूर्वी तशीच एक रेघ आम्ही मारली होती. तिची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढची ओळ सुचणे शक्य नव्हते. नातीला सांगितली तीच आज वाचकांनाही सांगते. पण त्याआधी शेलापागोटे म्हणजे काय, ते तरुण वाचकांसाठी सांगायला हवे.

शेला खांद्यावर घ्यायचा, पागोटे डोक्याला बांधायचे. पूर्वी व्याह्याला, विद्वानाला किंवा मोठ्या पाहुण्याला मान द्यायचा तर ही दोन वस्त्रे द्यायची रीत होती. शाळा-कॉलेजांतल्या मुलांनी हा मान उचलला आणि उलटा करून नेसवला. भरजरी वस्त्रांऐवजी चिमटा काढणाऱ्या दोन ओळी, आणि जोडीला एखादी कवडीमोलाची वस्तू. स्नेहसंमेलनात किंवा निरोपसमारंभात नाव पुकारायचे, ओळी वाचायच्या आणि त्या माणसाने सगळ्यांसमोर पुढे येऊन हसत हसत आपला 'मान' स्वीकारायचा. हसत हसत, हे महत्त्वाचे. रडवेले तोंड केले की शेला गेला आणि नुसते हसे उरले.

फिशपाँड हा त्याचाच साहेबी भाऊ. इंग्लंडातल्या जत्रांत पडद्याआड गळ टाकून भेटवस्तू ओढायचा खेळ असे. आपल्याला काय लागेल ते पडद्यापलीकडचा माणूस ठरवी. आपल्या कॉलेजांत गळ गेला, पडदा राहिला. पेटीत निनावी चिठ्ठ्या टाकायच्या आणि कुणीतरी त्या वाचायच्या.

थट्टेचा हा परवाना आपल्याला काही शाळेने दिलेला नाही. लग्नातल्या रुखवतावर विहिणीला टोमणे असतात, उखाण्यात नवऱ्याचे नाव घेता घेता सासूलाही हळूच चिमटा बसतो. आमच्या रत्नागिरीत तर फाल्गुनात श्री भैरीची पालखी निघाली, की शिमग्याच्या नावाखाली भलेभले तोंड मोकळे करून घेतात. निरोपसमारंभ माघाच्या आसपास येई. तेव्हा शेलापागोटी म्हणजे आम्हा पोरांचा आगाऊ शिमगाच म्हणा ना!

आणि हे वेड एकट्या मराठी माणसाचे नाही. रोमचा सम्राट ऑगस्टस डिसेंबरातल्या सणाला लोकांना भेटी वाटी. कधी वस्त्रे, सोने, चांदी. तर कधी नुसते बोकडाच्या केसांचे कापड, स्पंज, चुलीतली लाकडी आणि चिमटे! वर प्रत्येक भेटीला असे गूढ नि दुहेरी अर्थाचे नाव, की हाती काय येणार याचा पत्ता लागू नये. सुएटोनियस या चरित्रकाराने हे लिहून ठेवले आहे. पुढे पहिल्या शतकाच्या अखेरीस मार्शल या रोमन कवीने त्याच सणातल्या भेटींबरोबर द्यायच्या दोन दोन ओळींचे एक पुस्तकच केले. त्यात आळीपाळीने एक भेट श्रीमंताची, एक गरिबाची. हॉलंडात ५ डिसेंबरच्या संध्याकाळी घरोघर आजही भेटी देतात, त्यांच्याबरोबर घेणाऱ्याची खोडी काढणारी कविता असते, आणि खाली सही असते ती संत निकोलसाची! लिहिणारा शेजारीच निरागस तोंड करून बसलेला असतो.

पण मला सर्वांत गंमत वाटते ती केंब्रिजच्या लाकडी चमच्याची. तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ऑनर्सच्या यादीत जो शेवटचा येई, त्याला पदवी घेताना मित्र एक भला मोठा लाकडी चमचा देत. सिनेट हाउसच्या सज्जातून तो दोरीने खाली सोडत. याच यादीत पहिला येणारा 'सीनियर रँग्लर'. १८९९ साली हा मान मिळवणारा पहिला हिंदी माणूस म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातला, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा मुलगा, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. बर्टविसल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी तो विभागून घेतला. रँग्लर परांजप्यांचे नाव आमच्या लहानपणी ज्याच्या-त्याच्या वडिलांच्या तोंडी असे. गणितात कमी गुण पडले की हमखास. त्याच यादीच्या तळाला कुणाला तरी चमचाही मिळतो, हे मात्र एकाही वडिलांनी सांगितले नाही. सांगितले असते तर किती धीर आला असता! १९०९ साली शेवटचा चमचा दिला गेला, तो माणसाच्या कमरेच्या वर येईल एवढा, नावेच्या वल्ह्यापासून केलेला. पुढच्या वर्षापासून निकाल क्रमाने लावणेच बंद झाले. तो शेवटचा चमचेवाला सेंट जॉन्स कॉलेजचा, आणि आमचे परांजपेही सेंट जॉन्सचेच. एकाच छपराखाली शेला आणि पागोटे!

तर आता आमच्या शाळेकडे येते.

आमची अकरावी, म्हणजे एस.एस.सी., १९६३ च्या मार्चमधली. आदल्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला होता. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले होते आणि घरोघरच्या बायका हातातल्या पाटल्या संरक्षण निधीला देत होत्या. अशा वेळी निरोपसमारंभात बटाटेवडे नि पेढे कोणत्या तोंडाने खायचे? मुख्याध्यापकांनी फर्मान काढले : वर्गणी सगळी संरक्षण निधीला; समारंभात चहा, भाषणे आणि प्रत्येकाला एकेक नारळ. कोकणात नारळाला काय तोटा! "हातात नारळ देणे म्हणजे काय, ते शाळेने आज प्रत्यक्ष दाखवले," असे आमच्यातला एक टारगट पुटपुटला, नि मागचे दोन बाक फिदीफिदी हसले.

शेलापागोट्यांवर बंदी नव्हती. पण भेटवस्तूवर एक नवा पैसाही खर्च करायचा नाही, अशी अट होती. जे काही द्यायचे ते घरातून, परसातून नाहीतर किनाऱ्यावरून आणायचे. दोन मुलगे नि दोन मुली अशी चौघांची समिती नेमली. तीत मी होते, कारण मला यमके सुचत. केशवसुतांचे मालगुंड आमच्यापासून फार लांब नाही. त्या हवेचा परिणाम म्हणा, पण यमक जुळले की आमच्याकडे जो तो स्वतःला कवी समजे.

पैसा नाही म्हटल्यावर डोके चालू लागले. समितीतल्या दुसऱ्या मुलीने एकदम म्हटले, "म्हणी आहेत की! म्हणी नि वाक्प्रचार फुकट असतात." आणि मग काय, घरोघरचे फडताळ म्हणजे आम्हाला व्याकरणाचे पुस्तकच वाटू लागले. भूगोलाच्या तासाला खिडकीतून पसार होणाऱ्या वीरासाठी आईच्या डब्यातली मूठभर तूर आली :

"भूगोलाच्या तासाला रोज खिडकीबाहेर स्वारी;
सरांच्या ज्या हातावर दिल्यास, घे त्या तुझ्या तुरी!"

दर सहामाहीला 'आता अभ्यास करणार' म्हणून कानाला खडा लावणाऱ्याला भाट्याच्या किनाऱ्यावरचा चांगला गुळगुळीत खडा. नाकाने कांदे सोलणाऱ्या एका मुलीला कांदा. एक पेन्सिल देऊन दोन वह्या नेणाऱ्याला आवळा. कोहळा आमच्याकडे राहिला असे समजावे. तिसऱ्या तासालाच डबा उघडणाऱ्याला मातीत घालून ठेवलेल्या गेल्या हंगामातल्या फणसाच्या चार आठळ्या. खाडीपलीकडून तरीने येणाऱ्या आणि रोज उशिराचे पाप तरीवर ढकलणाऱ्या मुलाला नारळाच्या सोडणाची होडी :

"तर चुकली, तास चुकला, चुकली रोज हजेरी;
घे ही होडी स्वतःपुरती, मार्चात नको देरी."

पहिल्या नंबराची एक मुलगी होती. ती पेपर लिहिताना डाव्या हाताने असा आडोसा करी की देवालाही उत्तर दिसू नये. तिला पातेल्यावरचे झाकण :

"पेपर झाकुन झाकुन तुझा दुखला असेल हात;
घे हे झाकण, आणि आता लिही जरा निवांत."

या साऱ्या ओळी मराठीच्या सरांपुढे ठेवायच्या होत्या. सर धोतर नि काळी टोपी घालणारे, आवाज हळू. पण त्यांच्या हळू आवाजाचीच भीती वाटे. त्यांनी कागद हातात घेण्यापूर्वीच आम्हाला नियम घालून दिले. कुणाच्या रंगारूपावर, व्यंगावर लिहायचे नाही. जातीवर, घरच्या परिस्थितीवर लिहायचे नाही. मुलाचे नि मुलीचे नाव एका ओळीत आणायचे नाही. कारण मुलगा दुसऱ्या दिवशी विसरतो आणि मुलीला घरी बसवतात. आणि शेवटचा नियम : "ज्याच्यावर लिहिलंत त्याची आई पहिल्या रांगेत बसली आहे असं समजून मोठ्यानं वाचा. वाचवलं तर ठेवा."

समितीतला मुलगा हिरमुसून म्हणाला, "मग उरलं काय, सर?"

"उरला तो माणूस," सर म्हणाले. "त्याच्याकडे नीट बघा, म्हणजे सापडेल काहीतरी."

आम्हाला तेव्हा वाटले, सरांनी आमच्या शिमग्यावर पाणी ओतले. आज वाटते, एवढा नेमका धडा अकरा वर्षांत दुसरा मिळाला नाही. तूर, खडा, झाकण, होडी यांतले काहीही त्या त्या मुलाकडे वर्षभर पाहिल्याशिवाय सुचण्यासारखे नव्हते. थट्टा म्हणजे पाहिल्याची पावती. आपल्याला कुणी पाहिलेच नाही, याच्यासारखे दुःख सोळाव्या वर्षी दुसरे नसते.

आणि तरी आमच्या हातून चूक झालीच.

आमच्या वर्गात एक मुलगा वार लावून जेवत असे. ही चाल तेव्हा मावळतीला लागली होती, पण संपली नव्हती. दूरच्या गावाहून शिकायला आलेला, वडील नाहीत. एका ओसरीवर राहायला जागा आणि आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवण. गुरुवार आमच्याकडे होता. तो मान खाली घालून जेवी, आईने आग्रह केला तरच दुसऱ्यांदा भात घेई, आणि आपले ताट उचलून नेई. त्याची एक गंमतीची सवय होती. वाण्याकडून आलेल्या पुड्या सोडल्या की तो ते कागद उचली, मांडीवर सपाट करी आणि दोन्ही बाजूंनी वाची. वर्तमानपत्राचे तुकडे, जुन्या मासिकांची पाने, काय वाटेल ते. एकदा जिऱ्याच्या पुडीवर कुठल्याशा कथेचे अर्धे पान आले, तर हा आठवडाभर "ती विहिरीत पडली की नाही?" म्हणून बेचैन! पुढच्या गुरुवारी त्याने आईला विचारले, "काकू, वाण्याकडे पुन्हा जिरं आणायला कधी जायचंय?"

हे सारे मी दर गुरुवारी पाहत होते. समितीत मात्र त्याचे नाव आले तेव्हा आम्ही चौघे एकदम गप्प झालो. काय लिहिणार? तो गरीब. सरांचा नियम आठवला आणि त्या नियमाआड आम्ही लपलो. नावापुढे रेघ मारली आणि ठरवले की याला एक सोनचाफ्याचे फूल द्यावे नि 'सद्गुणी, नम्र व अभ्यासू विद्यार्थी' असे म्हणावे. जणू श्रद्धांजली!

एवढ्यावर थांबते तर बरे होते. पण मला यमकाची खाज. त्या दिवशी उठता उठता मी हसून एक ओळ म्हटली, आणि तेवढ्यावर न थांबता ती वहीच्या कोपऱ्यात खरडली : "सात वारी सात घरी सात चवींचा पाहुणा". ओळ गोड होती, लय सुरेख होती. आम्ही हसलो. मी ती खोडली नाही.

समारंभाच्या दिवशी सभागृहात पेटी ठेवली होती. एकेक पुडी निघे, नाव पुकारले जाई, हशा उसळे. माझेही नाव आले. कुठलाही बेत ठरला की "पण सर..." म्हणून उभी राहणारी मी, माझ्यासाठी कागदात गुंडाळलेला एक बिब्बा होता :

"जमले सारे गोड की 'पण' काढते ही बाई;
बिब्बा घे हा, आम्हाला याची गरज आता नाही."

मी पदर पुढे करून बिब्बा घेतला. सगळ्यांबरोबर खूप हसले, आणि खरे सांगते, मला शेला मिळाल्यासारखेच वाटले.

मग त्याचे नाव आले. चाफा दिला गेला, टाळ्या पडल्या. तो जागेवर जातो न जातो तोच पुन्हा त्याचेच नाव निघाले. पेटीत कुणीतरी दुसरी पुडी टाकली होती. तीतून निघाली करवंटीची डवली, वाढायची. वाचणाऱ्याने सरांकडे पाहण्यापूर्वीच ओळी वाचून टाकल्या :

"सात वारी सात घरी सात चवींचा पाहुणा;
डवली घे ही, आठवे घर शोध आता तू पुन्हा."

हशा आला आणि मध्येच तुटला. पहिली ओळ माझी होती. दुसरी कुणाची, ते मी कधी विचारले नाही. वही चौघांच्या हातून फिरली होती. तो पुढे गेला. एका हातात चाफा, दुसऱ्या हातात डवली. त्याने हसून सगळ्यांना नमस्कार केला. सर उठून हळूच म्हणाले, "पुढचं नाव." मी कुठल्याही गोष्टीत 'पण' काढणारी मुलगी, त्या दिवशी तोंड मिटून बसले. बिब्बा माझ्या पदरातच राहिला.

पुढच्या गुरुवारी तो जेवायला आला नाही. आईने विचारले, तेव्हा मला रडू फुटले आणि मी सारे सांगितले. ती मला रागावली नाही. तिने डबा भरला, काकांच्या हाती त्याच्या ओसरीवर पाठवला, आणि बाकीच्या सहा घरांतही तिने काही सांगितले असावे. त्यानंतरच्या गुरुवारी तो आला. आईने न विचारता तूप वाढले, मी न बोलता पाणी ठेवले. पुडीचे कागद त्याने उचलले नाहीत. परीक्षा झाली, तो बोटीने मुंबईला गेला. पुढे त्याचे नावही कानावर आले नाही.

२०१३ साली आमच्या वर्गाला पन्नास वर्षे झाली. कुणीतरी खटपट करून पत्ते जमवले नि रत्नागिरीत शनिवार-रविवार असे दोन दिवसांचे संमेलन ठरले. कुणी दात काढलेले, कुणी गुडघे बदललेले. आता बोट कुठली! मंडळी कोकण रेल्वेने आली. तोही आला. मुंबईत एका छापखान्यात चिकटला होता आणि जन्मभर मुद्रितशोधक म्हणून काम करून निवृत्त झाला होता.

शाळेत आम्हा मुलामुलींना एकमेकांशी बोलायची सवय नव्हती, त्यामुळे सदुसष्टाव्या वर्षीही 'तुम्ही'नेच सुरुवात झाली. चहाच्या वेळी त्याला बाजूला गाठून मी म्हटले, "ती पहिली ओळ माझी होती."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "वर्गात मात्रा मोजून लिहिणारं दुसरं होतं कोण?"

"तुम्हाला फार लागलं असेल."

त्याने कपात साखर ढवळली. मग म्हणाला, "त्या दिवशी लागलं, नाही कशाला म्हणू? पण डवली माझ्या बिऱ्हाडात वीस वर्षं आमटीला होती. नंतर जे झालं ते जास्त लागलं. काकूंचा डबा ओसरीवर आला. सातही घरांत सगळे जपून बोलायला लागले, न मागता तूप पडायला लागलं. तोवर मी गुरुवारचा पाहुणा होतो. त्यानंतर गरीब मुलगा झालो."

मला काही बोलता येईना. तोच पुढे म्हणाला, "आणि एक सांगू? डवलीच्या आधी तुम्ही मला फूल दिलंत. सद्गुणी, नम्र, अभ्यासू. वर्गात सगळ्यांना तुरी नि खडे नि कांदे, आणि मला प्रशस्तिपत्रक! मी बाकावर बसून वाट पाहत होतो, माझ्यासाठी यांना काय सापडलं असेल? काहीच सापडलं नव्हतं. फूल घेऊन परत जाताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सरांचा नियम आम्ही अर्धाच पाळला होता. गरिबीवर लिहू नका, हे पाळले. नीट बघा, हे पाळले नाही. खरे म्हणजे पाहिले मी होते. एक सोडून वर्षभराचे गुरुवार पाहिले होते, आणि ऐन वेळी त्या मुलाच्या जागी मला नुसते त्याचे सात वार दिसले.

रविवारी सकाळी मी उठले, शेंगदाणे भाजले. रविवारच्या पुरवणीत एक कथा आली होती. तिचे पान मधोमध फाडले आणि वरच्या अर्ध्याची पुडी बांधली. संमेलनात सगळ्यांसमोर मी त्याचे नाव पुकारले आणि दोन ओळी वाचल्या :

"जिऱ्याच्या त्या पुडीपायी अडली ज्याची कथा;
दाणे खा नि कागद वाच, जडो पुन्हा ती व्यथा."

पन्नास वर्षांनी वर्गात हशा उसळला आणि या वेळी तो मध्येच तुटला नाही. त्याने दाणे शेजाऱ्याच्या ओंजळीत ओतले, कागद मांडीवर सपाट केला आणि चष्मा सरसावून वाचू लागला. शेवटच्या ओळीला आला, कागद उलटला, पुन्हा सुलटा केला.

"पुढे काय होतं?" त्याने विचारले.

"उरलेलं अर्धं पान माझ्या घरी आहे," मी म्हटले. "गुरुवारी जेवायला या."

त्याचे परतीचे तिकीट सोमवारचे होते. ते त्याने रद्द केले. गुरुवारी आला, दुसऱ्यांदा भात स्वतः मागून घेतला, आणि उरलेले पान वाचून म्हणाला, "कथा काही खास नाही. मुद्रणदोष तीन आहेत."

नातीने हे सारे ऐकले. तिने काही विचारले नाही. यादी उचलली, त्या रेघेकडे थोडा वेळ पाहिले आणि आपल्या खोलीत गेली. मला वाटले, कंटाळली असेल.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर दप्तरही न टाकता माझ्यापुढे उभी राहिली.

"आजी, ती ना, फळ्यावर तारीख लिहिते. रोज. तिला कुणी सांगितलेलं नाहीये. पाचवीपासून लिहिते. ती एकदा आजारी होती, तर आमच्या फळ्यावर चार दिवस मंगळवारच होता."

"मग तिला काय द्यायचं?"

"खडूचा तुकडा. एवढासाच, वापरून उरलेला." ती क्षणभर थांबली. "ओळी मी लिहिते. तू फक्त मात्रा मोजून दे."